खंबातच्या आखाताबाहेरची जुनी वाळू : पार्श्वभूमी

किनाऱ्यापासून जितकं खोल जावं तितका तळाचा गाळ बारीक होत जाणार, असं भूवैज्ञानिक बराच काळ धरून चालले होते. फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३२ मध्ये सागरी नकाशांवरच्या तळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेल्या समुद्राखालच्या उथळ सपाट पट्ट्याच्या, बाहेरच्या भागातच भरड वाळू निघाली. पुढे १९६८ मध्ये के. ओ. एमरी यांनी अंदाज मांडला, की जगातल्या भूखंडमंचांचा सुमारे ७० टक्के भाग अशाच जुन्या, आजच्या समुद्राने न टाकलेल्या गाळाने झाकलेला आहे.

बडोदेकरांना याचा पुरावा जवळच सापडतो. खंबातच्या आखातासमोर भूखंडमंच ३०० किलोमीटरांहून रुंद आणि अगदी कमी उताराचा आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, बरंच पाणी बर्फात अडकलेलं असताना, समुद्र १२० मीटरच्या आसपास खाली होता. आखात कोरडं होतं आणि मही, नर्मदा, तापी यांचं पाणी आजच्या मुखांच्या कितीतरी पुढे जाऊन समुद्राला मिळे. मात्र महीच्या काठचे उंच कडे निव्वळ समुद्र खाली गेल्याने झाले, असं म्हणणं घाईचं ठरेल. जमिनीची उचल आणि पावसाळ्याचा जोर यांचाही त्यात हात आहे.

बर्फ वितळताना समुद्र एका चालीने चढला नाही. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी तो काही शतकांतच १५ मीटरच्या आसपास वर आला. जिथे तो रेंगाळला तिथे लाटांनी पायऱ्या कोरल्या. जिथे झपाट्याने चढला तिथे जुने किनारे न झिजता बुडाले. म्हणूनच पश्चिम भूखंडमंचाच्या बाहेरच्या भागात खसखशीएवढे गोल चुनखडी कण मिळतात. ते कोमट, उथळ, खळबळत्या पाण्यातच बनतात. आज त्यांच्यावर ६० ते १०० मीटर पाणी आहे. नव्या चिखलाने ते झाकले गेले नाहीत, कारण नद्यांचा बहुतेक गाळ बुडालेल्या खोऱ्यांत आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातच अडकतो.

समुद्रतळात नळी रुतवून काढलेल्या गाळाचे स्तर वाचताना तळापासून वर जावं. खाली नदीची वाळू किंवा हवेत कडक झालेली माती, त्यावर खारफुटीचा काळा, मुळांचा चिखल, मग फुटक्या शिंपल्यांचा पातळ थर आणि सर्वांत वर समुद्री चिकणमाती. शिंपल्यांच्या थराखाली एक खरवडलेली सीमा असते. चढत्या समुद्राच्या लाटांनी तिथला माल उकरून नेलेला असतो, त्यामुळे मधली काही हजार वर्षं गायब असू शकतात.

घोटाळे इथेच होतात. नमुना काढायची, वजनाने रुतणारी नळी चिखलात काही मीटर जाते, वाळूत अडते. तिथे कंप देणारी नळीच लागते. किनाऱ्यालगतच्या चिखलात मिथेन साठला असेल तर तळाखालचे थर टिपायला सोडलेल्या ध्वनिलहरी अडतात आणि खालचे थर त्यांच्या आलेखावर दिसतच नाहीत. शिंपल्यांच्या थरात जुने-नवे शिंपले मिसळलेले असतात, म्हणून तिथली एकटी तारीख पुरावा धरू नये. समुद्री शिंपल्यांचं कार्बन-वय (किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) मुळातच सुमारे ४०० वर्षांनी जास्त दिसतं, ते वजा करावं लागतं. खारफुटीचं जागच्या जागी असलेलं मूळ मिळालं तर आधी त्याचंच वय काढावं, पण खालचा चिखल दबून ते मूळ किती खाली बसलं, हे तपासूनच त्यावरून समुद्राची पातळी ठरवावी.