सेंटर कॉलेजचा १९२१ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील डॅनव्हिल या गावी असलेल्या सेंटर कॉलेजच्या संघाने १९२१ साली खेळलेला अमेरिकन फुटबॉलचा हंगाम हा हार्वर्ड विद्यापीठावर मिळवलेल्या ६–० अशा अनपेक्षित विजयामुळे क्रीडा-इतिहासात नोंदला गेला आहे. १८१९ मध्ये स्थापन झालेल्या आणि प्रेस्बिटेरियन पंथाशी संबंध असलेल्या या महाविद्यालयात त्या काळी तीनशेपेक्षाही कमी विद्यार्थी होते. सामन्यापूर्वी प्रार्थना करण्याच्या प्रथेमुळे संघाला ‘प्रेइंग कर्नल्स’ (प्रार्थना करणारे कर्नल) हे टोपणनाव पडले होते.

मात्र या विजयाच्या संदर्भात सेंटरचे केले जाणारे ‘लहान कॉलेज’ हे वर्णन निम्मेच खरे आहे. १९१६ मध्ये केंटकी विद्यापीठाकडून ६८–० असा मार खाणाऱ्या या संघाचे रूप पुढच्याच वर्षी पालटले, ते टेक्सासमधून आलेल्या खेळाडूंमुळे. फोर्ट वर्थच्या नॉर्थ साइड हायस्कूलमध्ये शिकवलेले रॉबर्ट मायर्स १९१७ मध्ये सेंटरला आले आणि त्यांच्यामागोमाग त्या शाळेतले क्वार्टरबॅक (आक्रमणाचे सूत्रधार) बो मॅकमिलिन, रेड वीव्हर यांसारखे खेळाडूही डॅनव्हिलला पोहोचले. मायर्स यांनी लवकरच प्रशिक्षणाची सूत्रे चार्ली मोरान यांच्याकडे सोपवली. मोरान यांनी पूर्वी टेक्सास ए अँड एम या महाविद्यालयाचा संघ घडवला होता आणि उन्हाळ्यात ते बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये पंच म्हणून काम करीत. १९१९ चा हंगाम सेंटरने अपराजित राहून पूर्ण केला, तर ऑक्टोबर १९२० मध्ये हार्वर्डच्या मैदानावर त्यांना ३१–१४ असा पराभव पत्करावा लागला. त्या दिवशी हार्वर्डच्या कर्णधाराने देऊ केलेला सामन्याचा चेंडू मॅकमिलिनने नाकारला आणि पुढच्या वर्षी तो जिंकूनच नेऊ असे बजावले, अशी आख्यायिका आहे.

१९२१ च्या हंगामाची सुरुवात क्लेम्सन आणि व्हर्जिनिया पॉलिटेक्निक यांच्याविरुद्ध प्रत्येकी १४–० अशा विजयांनी झाली. त्यानंतर सेंट झेवियरला २८–६ आणि ट्रान्सिल्व्हेनियाला तब्बल ९८–० असे हरवून संघ २९ ऑक्टोबरला हार्वर्ड स्टेडियमवर उतरला. हार्वर्ड कित्येक हंगाम अपराजित होते आणि १९१९ च्या हंगामाअखेर त्यांनी रोझ बोल हा हंगामोत्तर मानाचा सामनाही जिंकला होता. तरी सेंटरशी झालेल्या सामन्याच्या आदल्याच आठवड्यात पेन स्टेटने त्यांना २१–२१ असे बरोबरीत रोखले होते, ही बाब या सामन्याच्या कौतुकात सहसा विसरली जाते. चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर मध्यंतरापर्यंत एकही गुण झाला नाही. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मॅकमिलिनने बचावपटूंना हुलकावण्या देत ३२ यार्ड धाव घेतली आणि टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन ६ गुण मिळवले. जोडीचा एक गुण मिळवून देणारी किक हुकली, पण ६ गुणांची ती आघाडी शेवटपर्यंत टिकली. डॅनव्हिलमध्ये भिंतीभिंतींवर ‘सी-६ एच-०’ (सी म्हणजे सेंटर, एच म्हणजे हार्वर्ड) हे रासायनिक सूत्राच्या थाटातले समीकरण रंगवले गेले, आणि १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने घेतलेल्या कौलात हा निकाल शतकाच्या पूर्वार्धातील फुटबॉलमधला सर्वांत धक्कादायक निकाल ठरला.

या एका निकालाच्या झगमगाटात संघाचे खरे बळ झाकले जाते. ते बचावात होते. हार्वर्डनंतर केंटकी विद्यापीठाला ५५–०, ऑबर्नला २१–०, वॉशिंग्टन अँड लीला २५–० आणि टुलेनला २१–० असे नमवताना संघाने एकही गुण दिला नाही. नियमित हंगामातील नऊ सामन्यांत सेंटरने २८२ गुण मिळवले आणि केवळ ६ दिले. आक्रमण व बचाव या दोन्ही बाजू त्याच अकरा खेळाडूंनी सांभाळायच्या आणि बदली खेळाडू घेण्यावर कडक बंधने, अशा त्या काळात हे आकडे विशेष बोलके आहेत.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सॅन डिएगो येथे ॲरिझोनाला ३८–० असे हरवल्यावर संघ डॅलसला गेला. तेथे २ जानेवारी १९२२ रोजी ‘डिक्सी क्लासिक’ या हंगामोत्तर सामन्यात टेक्सास ए अँड एमने, म्हणजे मोरान यांच्याच जुन्या महाविद्यालयाने, सेंटरला २२–१४ असे पराभूत केले. मॅकमिलिनचे लग्न त्याच दिवशी सकाळी झाले होते. दुखापतींमुळे ए अँड एमचे राखीव खेळाडू संपत आले, तेव्हा किंग गिल या विद्यार्थ्याला प्रेक्षकांतून बोलावून गणवेश चढवून तयार ठेवण्यात आले. प्रत्यक्ष खेळण्याची वेळ त्याच्यावर आली नाही, पण त्या महाविद्यालयाची ‘बारावा गडी’ ही परंपरा याच प्रसंगापासून मानली जाते.

दहा विजय आणि एक पराभव अशी हंगामाची अंतिम नोंद झाली. मॅकमिलिन पुढे प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली इंडियाना विद्यापीठाने १९४५ मध्ये बिग टेन ही विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा जिंकली आणि नंतर त्याने डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघालाही प्रशिक्षण दिले. सेंटर कॉलेज आज राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळते, जिथे खेळाडूंना क्रीडा-शिष्यवृत्ती देता येत नाही.