हाय-लिफ्ट जॅक वापरण्याआधी हे वाचा

हाय-लिफ्ट जॅक म्हणजे उभ्या लोखंडी पट्टीवर दांड्याने टप्प्याटप्प्याने चढणारा उंच जॅक. जॅक विकणाऱ्यांनीच असे सांगावे हे जरा विचित्र वाटेल, पण गाडी रुतली की पहिला हात जॅककडे जाऊ नये. आधी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची माती फावड्याने काढा, फळ्या घालून पाहा. तरीही गाडी निघाली नाही, तर मग जॅक.

कुठे लावायचा
लोखंडी बंपर, रॉक स्लायडर (दारांखाली बसवलेला लोखंडी संरक्षक पाइप) किंवा जॅकसाठी मुद्दाम केलेली खाच, एवढ्याच जागा. कंपनीचा प्लास्टिक बंपर तुटतो आणि गोल पाइपच्या स्लायडरवरून जॅकची जीभ (गाडीखाली टेकणारा पुढचा भाग) घसरते. त्यासाठी खाचेचा अडॅप्टर लागतो. बंपर उचलला तरी सस्पेन्शन खाली लोंबत राहते आणि चाक चिखलातच असते. एक्सल रॅचेट पट्ट्याने (खटक्याने आवळायच्या पट्ट्याने) चासीला बांधून घेतला, की तेच काम कमी उंचीत होते. गाडी जितकी कमी उचलावी लागेल तितके बरे.

उचलताना
इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि फोर-बाय-फोर लावलेले. फक्त गिअरवर विसंबू नका: मागचे एक चाक हवेत गेले की डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते मोकळे फिरते आणि गाडी सरकू शकते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅकचा तळ जेमतेम ४ बाय ७ इंचांचा असतो, चिखलात तो सरळ आत जातो. त्याखाली फूटभर रुंद, २ इंच जाड फळी घाला. जॅकची चढ-उतार ठरवणारा खटका वर करा आणि दांडा दोन्ही हातांनी, बाजूला उभे राहून चालवा. दांड्याच्या रेषेत डोके नको. जॅक तिरपा होतोय असे दिसले की तिथेच थांबून खाली घ्या. चाक चिखलातून सुटल्यावर त्याखाली दगड किंवा फळी सरकवायची ती फावड्याने. हात घालायचा नाही. गाडीखाली तर कोणीच जायचे नाही.

उतरवताना
खरा धोका इथे आहे. दांडा उभ्या पट्टीला टेकलेला असतानाच खटका खाली पाडा. उतरताना दांड्यावर गाडीचा भार येतो. दांडा अर्धवट असताना खटका पाडला किंवा हात सुटला, तर तो झटक्याने वर येऊन जबड्यावर बसतो. प्रत्येक टप्प्याला दांडा घट्ट धरूनच वर जाऊ द्या. एक एक खाच उतरण्यासाठी जॅकवर साधारण ७० किलो भार लागतो. चाक टेकून भार गेला की वर-खाली सरकणारा भाग एकदम घसरतो. बोटे त्या वेळी पट्टीपासून लांब हवीत.

जॅक अडकला तर
बहुतेक वेळा दोष चढणाऱ्या दोन पिनांचा असतो: वाळू किंवा वाळलेला चिखल बसून त्या खाचेत नीट जात नाहीत. पाण्याने धुवा, ब्रश मारा, डब्ल्यूडी-४० फवारा आणि पिना स्प्रिंगने आत-बाहेर होतात का ते पाहा. ग्रीस लावू नका, तिला धूळ चिकटते. शिअर बोल्ट (भार जास्त झाला की आधी तुटावा म्हणून दिलेला बोल्ट) तुटला तर समजा की भार जास्त झाला होता. त्याच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट घातला, तर पुढच्या वेळी बोल्टऐवजी जॅकच तुटेल. जॅक टपावर किंवा मागच्या दारावर बांधत असाल तर यंत्रणेला कव्हर घाला. केबिनमध्ये सुटा ठेवू नका, साधारण १३ किलोचे लोखंड आहे ते.