मास्टर हँड आणि स्मॅश पॉवर

मास्टर हँड हा निन्टेन्डोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मारामारीच्या गेममधला बॉस, म्हणजे मोठा शत्रू. 'कर्बी अँड द अमेझिंग मिरर' (गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, २००४) या प्लॅटफॉर्म गेममध्ये तो पाहुणा म्हणून येतो. त्याला हरवून गिळले की कर्बीला, म्हणजे त्या गेमच्या गोल गुलाबी नायकाला, 'स्मॅश' नावाची पॉवर मिळते.

मास्टर हँड म्हणजे पांढरा हातमोजा घातलेला अवाढव्य उजवा हात, बाकी शरीर नाही. १९९९ च्या पहिल्या 'स्मॅश'मध्ये सुरुवातीला एक हात टेबलावर बाहुल्या मांडतो आणि त्या जिवंत होऊन लढू लागतात. शेवटचा बॉसही हातच. त्याचा डावा जोडीदार क्रेझी हँड २००१ च्या 'मेली'मध्ये, म्हणजे दुसऱ्या 'स्मॅश'मध्ये आला. 'अमेझिंग मिरर'मध्ये दोघेही आहेत.

हे दोघे इथे उपरे वाटत नाहीत. पहिला 'स्मॅश' बनवला एचएएल लॅबोरेटरीने, म्हणजे कर्बीच्याच घराने, आणि त्याचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई हे कर्बीचे जनक. १९९२ च्या पहिल्या गेममध्ये कर्बी शत्रूंना नुसता ओढून घ्यायचा आणि थुंकायचा. गिळलेल्याची पॉवर घेण्याची युक्ती १९९३ च्या 'कर्बीज अ‍ॅडव्हेंचर'पासूनची. मोठ्या शत्रूंना आधी हरवावे लागते, मग गिळता येते: हातोडेवाला बाँकर्स गिळला की हातोडा मिळतो.

या हिशोबाने मास्टर हँडकडून बोटांच्या टोकांतून गोळ्या झाडण्याची विद्या मिळायला हवी होती. मिळतात ते 'स्मॅश'मधल्या कर्बीचे स्वतःचे डाव: हातोडा, दगड होऊन वरून कोसळणे, पात्याने वार करत उंच उडी घेणे म्हणजे फायनल कटर, आणि ठोशांची सरबत्ती म्हणजे व्हल्कन जॅब. हे डावही मुळात 'स्मॅश'चे नव्हेत. हातोडा आणि दगड 'अ‍ॅडव्हेंचर'मधले. फायनल कटर आणि व्हल्कन जॅब १९९६ च्या 'कर्बी सुपर स्टार'मधले. तिथे हे डाव चार वेगवेगळ्या पॉवर्सचे भाग होते. मारामारीच्या गेमने ते एका अंगात बसवले, आणि मास्टर हँडने ती मोट बांधलेली मूळ मालिकेत परत आणली. पाहुण्या बॉसचा इतका अर्थपूर्ण उपयोग क्वचितच झाला असेल.

खेळताना या पॉवरचा मोठा फायदा असा, की दगड आणि हातोडा यांत अदलाबदल करत बसावे लागत नाही. मात्र जोराचा मार बसला की तीही इतर पॉवर्सप्रमाणे तारा होऊन उसळत निघते, आणि विरून जायच्या आत तिला पुन्हा ओढून घ्यावे लागते.