८० च्या वेगाला गाडी झोके का घेते?

"मामा, गाडी ८० वर झोके घेऊन रायली. ६० वर नाही, जोरात दाबली तरी नाही. ८० वरच." भाच्याचा हा फोन आला तेव्हा त्याचा प्लग, कॉइल आणि पेट्रोलचा फिल्टर बदलून झाला होता. पंपही खोलून पाहिला होता. झोके मात्र जसेच्या तसे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून दारव्हा-कारंजा रस्त्याने निघालो. पहिली शंका रस्त्यावरच घ्यायला हवी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचं डांबर लाटांसारखं होऊन जातं. पण दोष रस्त्याचा असेल तर हिसके जाता-येता ठरावीक जागीच बसतात. इथे पाय एक्सलेटरवर स्थिर, रस्ता सपाट, तरी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा २४०० ते २५०० मध्ये हळूहळू वर-खाली होत होता. इंजिन स्वतःच श्वास लांब-आखूड करत होतं.

ज्यांच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं त्यांनी हा आवाज ऐकलेला आहे. गव्हर्नरचा दांडा घट्ट झाला की इंजिन 'धकधकधक' पळायचं, मग मंदावायचं, पुन्हा पळायचं. गव्हर्नरचं काम एवढंच, वेग वाढला की डिझेल कमी करायचं, घटला की वाढवायचं. पण दांडा अडखळला की दुरुस्ती उशिरा होते, आणि उशिरा झालेली दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते. वाफेच्या इंजिनांनाही हाच रोग होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरांवर निबंध लिहिला आणि असं यंत्र केव्हा स्थिर राहील, केव्हा झोके घेईल, हे गणिताने मांडलं.

आजच्या पेट्रोल गाडीत अशी राखण पेट्रोलच्या प्रमाणावर असते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुराच्या पाइपात झिरकोनियाचा ऑक्सिजन सेन्सर असतो. १९७६ मध्ये तो पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांत आला. धुरात ऑक्सिजन उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर तो साधारण ०.१ व्होल्ट दाखवतो. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ च्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हे वाचून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंचित जास्त किंवा कमी वेळ उघडा ठेवतो. चांगल्या गाडीतही हे वर-खाली सतत चालू असतं, पण इतकं बारीक की बसणाऱ्याला कळत नाही.

सेन्सरची बातमी मात्र नेहमी शिळीच येते. २४०० आरपीएमला इंजिनाचे चार स्ट्रोक पूर्ण व्हायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. पुढे धुराचा पाइपातला प्रवास, आणि सेन्सरचा स्वतःचा आळस. कंपनी हा सगळा हिशेब करून सेन्सरची जागा ठरवते. म्हणूनच भाच्याने वर्षभरापूर्वी शहरातल्या एका गॅरेजात मूळ मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग, काढून त्याजागी चार पाइपांचं हेडर बसवलं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. त्यात सेन्सर मागे सरकला होता. लांब गेलेला सेन्सर थंड राहतो, आणि थंड सेन्सर सुस्त होतो.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर लावला आणि मोबाइलवर 'फ्युएल ट्रिम' उघडला. ठरलेल्या हिशेबापेक्षा ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ७ टक्के अधिक होतं. ८० वर ९ आणि २१ च्या मध्ये हेलकावे. भाचा म्हणाला, "मंग पेट्रोलच कमी येऊन रायलं ना?" तसं नव्हतं. पंप कमजोर असता तर जोरात दाबल्यावर गाडी मेली असती, आणि ती तर साफ ओढत होती. इनटेकच्या, म्हणजे हवा आत जाण्याच्या बाजूने इंजिन फटीतून एअर घेत असतं तर सगळ्यात मोठा आकडा आयडलला दिसला असता, कारण तेव्हा तिथली ओढ सर्वांत जास्त असते. आमचा आकडा मधल्या वेगालाच बिघडत होता.

मग इंजिन बंद करून सेन्सरचं कनेक्टर काढलं. डॅशबोर्डवर दिवा लागला, लागू दिला. सेन्सर नसला की ईसीयू आधी भरलेल्या कोष्टकावरून पेट्रोल देतो. पुन्हा ८० धरले. काटा खिळल्यासारखा उभा! इंजिनात दोष नव्हता, त्याला खोटी बातमी मिळत होती. (असंच वापरत राहू नये. मायलेज जातं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो.)

गाडी थंड झाल्यावर टॉर्च घेऊन खाली शिरलो. चार पाइप जिथे एकत्र येतात, त्या वेल्डिंगवर काजळीची एक बारीक काळी रेघ होती, नखाएवढी. साबणाचं पाणी लावून भाच्याने इंजिन सुरू केलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरलं. रेघेवर फुगे आले.

धूर बाहेर जातो तिथून हवा आत येईलच कशी, हा प्रश्न त्यालाही पडला. धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. हेडर तर त्यासाठीच असतं. ठरावीक आरपीएमला ओढीची लाट तयार करायची, म्हणजे सिलिंडर चांगला रिकामा होतो. तीच ओढ भेगेतून बाहेरची हवा खेचते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, इंजिन जरा जोर धरतं आणि त्या आरपीएमवरून सरकतं. ओढ कमी होते. आता सेन्सरला पेट्रोल जास्त दिसतं, ईसीयू हात आखडतो, वेग उतरतो, आणि फेरा पुन्हा सुरू. जोरात दाबल्यावर ईसीयू सेन्सरचं ऐकणंच सोडतो, म्हणून तेव्हा झोका नाही.

भेग ग्राइंडरने खरवडून नीट वेल्डिंग केलं, फ्लँजचं, म्हणजे पाइपाच्या जोडाचं, पॅकिंग बदललं, सेन्सरची जागा इंजिनाजवळ आणली. झोके गेले. ट्रिम आता ५ टक्के अधिकवर थांबतो. "शून्य काऊन नाही?" असं भाच्याने विचारलं. त्याची गाडी जुनी आहे, तिचा हिशेब इतकं इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा, आणि पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून या मिश्रणाच्या १ किलोला साधारण १३.५ किलोच हवा पुरते. तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं, आणि ईसीयू ते देतोय.