पश्चात्ताप: सोलापूरच्या तीन भाषांत

सोलापुरात एकाच बोळात मराठी, तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. तिन्ही भाषांतली बायबले इथल्या घरांत सापडतात आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची पहिलीच हाक त्यांत तीन तऱ्हांनी छापलेली असते. मराठीत ‘पश्चात्ताप करा’. तेलुगूत ‘मारुमनस्सु’, म्हणजे पालटलेले मन. जुन्या कन्नड भाषांतरात ‘देवर कडेगे तिरुगिकोळ्ळिरि’, देवाकडे वळा. मूळ ग्रीक शब्द एकच. पण या तीन शब्दांमागे फार जुनी भांडणे आहेत.

हिब्रू शास्त्रात संदेष्ट्यांचा आवडता शब्द ‘शूव’, परत फिरणे. वाट चुकलेला माणूस मागे फिरतो, त्यालाही हेच क्रियापद. गोणपाट नेसणे, राखेत बसणे, कपडे फाडणे या रीती होत्याच. म्हणून तर योएल संदेष्ट्याला सांगावे लागले की वस्त्रे नव्हे, हृदये फाडा. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, मन पालटणे. म्हणजे कन्नड वाचकाच्या हाती हिब्रूचा अर्थ आला, तेलुगू वाचकाच्या हाती ग्रीकचा. आपला शब्द संस्कृतातला: पश्चात् अधिक ताप, मागाहून होणारी जळजळ. वळण्याचा उल्लेख त्यात नाही.

युरोपात या ग्रीक शब्दाचे वेगळेच झाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या धर्मपंडिताच्या लॅटिन बायबलात ‘पेनितेन्तिया’ हा शब्द पक्का झाला. त्यात मनाचे दुःखही येते आणि भरायचा दंडही. त्याआधीपासून चर्चमध्ये खून, व्यभिचार, विश्वास नाकारणे अशा मोठ्या पापांसाठी चारचौघांत प्रायश्चित्त घ्यावे लागे, तेही सहसा आयुष्यात एकदाच. त्यामुळे पुष्कळ जण ते मरणाच्या दारापर्यंत लांबवत. हिशेबी माणूस तेव्हाही होताच. पुढे आयरिश मठवासीयांनी खाजगी पापकबुली रूढ केली आणि कोणत्या पापाला किती दिवस भाकर-पाणी, याच्या याद्याच लिहिल्या. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या लॅटेरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कबुली देणे सर्वांना बंधनकारक केले. त्यानंतर दंडमाफीची पत्रे पैसे घेऊन वाटण्यापर्यंत मजल गेली. १५१६ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला, तेव्हा मूळ शब्द पुन्हा विद्वानांच्या टेबलावर आला. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या ३१ ऑक्टोबर १५१७ च्या ९५ विधानांतले पहिलेच विधान याविषयी आहे: ख्रिस्ताने पश्चात्ताप करायला सांगितले, ते विश्वासणाऱ्याच्या सबंध आयुष्याविषयी.

महाराष्ट्रात अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात स्थिरावले. पण इथली भाषा कोरी नव्हती. वारकऱ्यांचा ‘अनुताप’ होता. तुकोबांनी दुष्काळ आणि दिवाळे यांचे उपकार मानले ते याच अनुतापापायी, आणि पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात. दुसरीकडे धर्मशास्त्राचे ‘प्रायश्चित्त’ होते, विधी आणि दक्षिणा ठरलेले. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे निमित्त होऊन ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झाले, तेव्हा लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाबद्दल त्यांना मनातून पस्तावा झाला होता, असे कोणी म्हणणार नाही. विधी उरकला की जात परत पदरात घेई. बाहेरचे मिटे, आतले कोणी विचारत नसे.

मराठी बायबलात या दोन शब्दांची वाटणी झाली ती मला फार बोलकी वाटते. ‘प्रायश्चित्त’ ख्रिस्ताच्या बलिदानाकडे गेले. ते त्याने केले, आपण करायचे नाही. माणसाच्या वाट्याला उरला तो ‘पश्चात्ताप’. कॅथलिक मंडळींनी मात्र ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांना प्रायश्चित्तकाळ म्हणणे चालू ठेवले.

या वाटणीचा एक परिणाम असा की आपल्याकडे पश्चात्तापाची खूण अश्रू ठरली. १९०५ मध्ये सोलापूर-पुणे लोहमार्गावरच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली तासन्‌तास रडत मोठ्याने पापे कबूल करू लागल्या. त्या संजीवनाचा, म्हणजे धर्मजागृतीच्या लाटेचा, बोलबाला दूरदूर झाला. ते रडणे खोटे होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण पुढे अनेक सभांत रडू येणे हीच कसोटी होऊन बसली. ज्याला ते येत नाही, तो मागच्या बाकावर बसून आपण मुळात तारलेले आहोत का, या काळजीत पडतो. येशूला भेटून पालटलेला जकातदार जक्कय रडल्याचे शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने कुठे लिहिलेले नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो, असे तो उभा राहून बोलला.

उलट येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याचे पाहा. त्याला पश्चात्तापातला ताप झाला होता, आणि तो खरा होता. निरपराध रक्त धरून दिले अशी त्याने कबुली दिली, चांदीची तीस नाणी मंदिरात फेकली. मत्तयाने त्याच्यासाठी ‘मेटानोइया’चा शब्द वापरलेला नाही, नुसत्या हळहळीचा दुसरा ग्रीक शब्द घातला आहे. येशूला धरून दिले त्याच रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्यानेही आपण येशूला ओळखत नाही असे तीनदा म्हटले होते आणि तोही बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. जळजळ दोघांनाही झाली. यहूदा याजकांकडे गेला, त्यांनी ‘आम्हाला त्याचे काय’ म्हणून हात झटकले, आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र मात्र पुढे समुद्राकाठी, प्रभू किनाऱ्यावर आहे हे कळताच, होडी लागायची वाट न पाहता पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. कन्नड बायबलातला शब्द त्या उडीला नेमका बसतो.