चार कॅप्सूलची पुडी: अमॉक्सिसिलिनच्या डोसामागचा हिशेब

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहा, कात्रीचा आवाज कानावर पडतोच. दहा कॅप्सूलच्या पट्टीतून चार कापायच्या आणि कागदाच्या पुडीत घालायच्या. "दोनच दिवसाच्या द्या भाऊ, कापूस विकला की बाकीच्या नेतो." कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं नाव उरतं, तर कधी मुदतीची तारीख. पुडीत पुष्कळदा अमॉक्सिसिलिन असतं, पेनिसिलीनच्याच घराण्यातलं जंतू मारणारं औषध. दोन दिवसांत चार म्हणजे दिवसाला दोन झाल्या. मोठ्या माणसाला हे औषध साधारणपणे दर आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीनदा देतात.

हा तीनचा आकडा लघवीतून आलाय, असं म्हटलं तर वावगं ठरू नये. पेनिसिलीन सापडलं १९२८ साली, लंडनमध्ये. पण माणसाच्या आजारावर ते नीट वापरलं गेलं फेब्रुवारी १९४१ मध्ये, ऑक्सफर्डला, एका पोलीस शिपायावर. औषध इतकं थोडं होतं की डॉक्टर त्याच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच टोचत होते. शिपाई सुधारू लागला, पण साठा संपला आणि मार्चमध्ये तो गेला. तेव्हा दिसलेली गोष्ट आजही लागू आहे: मूत्रपिंडं हे औषध भराभर बाहेर टाकतात. अमॉक्सिसिलिनचंही तेच. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येतं. शिवाय या जातीचं औषध एका जोरदार फटक्यात जंतू मारत नाही. रक्तातली पातळी किती तास टिकून राहते त्यावर त्याचं काम चालतं. म्हणून सकाळची विसरली तर रात्री दोन घेऊन भरपाई होत नाही.

आपल्याकडे सुईवर जो विश्वास आहे, त्याचं मूळही थोडंफार इथेच असावं. जुनं पेनिसिलीन पोटातल्या आम्लात नासायचं, म्हणून टोचावंच लागे. १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि ते देशातच तयार होऊ लागलं. १९६१ मध्ये आलेली अँपिसिलिन तोंडाने घेता येई, पण दिवसातून चारदा, तीही उपाशीपोटी. १९७२ ची अमॉक्सिसिलिन पोटातून चांगली शोषली जाते आणि जेवणाची तिला अडचण नाही. शेतावर जाणाऱ्या माणसाला चारचं तीन झालं हे काही थोडं नाही.

लहान मुलांची गोष्ट वेगळी, आणि ती गडचिरोलीतून जाते. न्यूमोनियाला आपल्याकडे 'डब्बा' म्हणतात. पोट उडतं, बरगड्या आत ओढल्या जातात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना तो ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू स्पष्ट घटलेले दिसले. तान्ह्याचा श्वास मिनिटाला पन्नासवर गेला की न्यूमोनियाची शंका घ्यायची, पण अक्षरओळख नसलेल्या दाईला पन्नासपर्यंत श्वास मोजणं जड जाई. म्हणून वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी आली: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचलं की औषध. तेव्हाचं औषध कोट्रायमोक्साझोल हे दुसरं जंतुनाशक होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या सूचनांत अमॉक्सिसिलिनला पहिली पसंती दिली: न्यूमोनियात दर वेळी किलोमागे ४० मिलिग्रॅम, असं दिवसातून दोनदा.

आता हा आकडा सिरपच्या बाटलीवर लावून बघा. पूड भरलेली ३० मिलीची बाटली घेऊ. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं की ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या बाटलीत ७५० होतात. दहा किलोच्या पोराला या हिशेबाने दिवसाला ८०० लागतात. बाटली एका दिवसालाही पुरत नाही! आणि घरात ती 'एक-एक चमचा' करून चार-चार दिवस चालवतात. चमचा कुठला, तर चहासाखरेचा. बाटलीची टोपी नाहीतर सोबतचा मापाचा चमचा हेच खरं माप, चहाच्या चमच्याचा भरवसा नाही. (हे प्रमाण न्यूमोनियाचं आहे. कानाचं, घशाचं वेगळं. साध्या सर्दीला तर हे औषधच नको.) पाण्यात विरघळणारी २५० ची गोळी पुढे आली ती याच अडचणीतून. गोळी मोजता येते, सांडत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर अमॉक्सिसिलिन 'शेड्यूल एच'मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकायची नाही. २०१३ मध्ये ४६ औषधांसाठी आणखी कडक 'एच-१' यादी निघाली. तिच्यात अमॉक्सिसिलिन नाही. २०१६ मध्ये 'पट्टीवर लाल रेष दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका' अशी मोहीम झाली. कात्री चालूच आहे.

किती दिवस घ्यायचं, हा वाद मात्र अजून ताजा आहे. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात थोडंच औषध घेऊन जंतूंना सरावू देणाऱ्या माणसाची कल्पित गोष्ट सांगितली होती. 'कोर्स पुरा करा' हे वाक्य त्या धाटणीचं. पण २००४ मध्ये भारतातल्याच सात रुग्णालयांत सौम्य न्यूमोनियाच्या मुलांवर झालेल्या चाचणीत तीन दिवसांचं अमॉक्सिसिलिन पाच दिवसांइतकंच लागू पडलं. म्हणजे दिवस कमी होऊ शकतात. फक्त त्या चाचणीत तीन दिवसवाल्या मुलांनाही रोज तीनदा औषध मिळत होतं, आणि कुठला न्यूमोनिया सौम्य हे डॉक्टरांनी तपासून ठरवलं होतं. कापूस विकला गेला की नाही यावर ते ठरलं नव्हतं.