दर तीन वर्षांनी रिकामे होणारे मंडळ : विद्यार्थी विज्ञान मंडळांच्या कारभाराची पार्श्वभूमी

महाविद्यालयातल्या विज्ञान मंडळाची घटना बहुधा एका दुपारी, दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाची प्रत समोर ठेवून लिहिली जाते. सात दिवसांची सूचना, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी), दोघांच्या सह्या, मार्गदर्शक शिक्षक, वार्षिक हिशेब ही कलमे त्यामुळे नुसती उपचार म्हणून आलेली वाटतात. पण त्यांतले जवळजवळ प्रत्येक कलम एकाच अडचणीतून जन्माला आले आहे. गावातल्या वाचनालयाचे कार्यकर्ते वीस-वीस वर्षे तेच असतात. विद्यार्थी मंडळातले मात्र झाडून सगळे तीन वर्षांत, अभियांत्रिकीत चार वर्षांत, बाहेर पडतात. दुर्बिणीची चावी कुठे आहे, सभागृह कोणाकडून मिळते, मागच्या वर्षी कोणाचे पैसे द्यायचे राहिले, हेही त्यांच्याबरोबरच जाते.

या अडचणीवरचा सर्वांत जुना तोडगा स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत सापडतो. 1734 साली तिथल्या वैद्यकाच्या काही विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन शवविच्छेदन केले आणि पुढे आळीपाळीने निबंध वाचून त्यावर चर्चा करायचे ठरवले. 1737 मध्ये या बैठकांना संस्थेचे रूप आले. आजची रॉयल मेडिकल सोसायटी ती हीच. तिला 1778 मध्ये राजसनद मिळाली. सनदेचा मान मोठा खराच, पण कारभाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की संस्थेला आता स्वतःच्या नावाने वास्तू आणि ग्रंथसंग्रह बाळगता येऊ लागला. विद्यार्थी गेले तरी मालमत्ता कोणाची, हा प्रश्न सुटला. मालमत्ता आली की ती सांभाळायचा खर्चही येतो. याच संस्थेला 1969 मध्ये आपला जुना ग्रंथसंग्रह लिलावात विकावा लागला.

एडिंबरोतलीच दुसरी मंडळी म्हणजे 1823 मध्ये स्थापन झालेली प्लिनियन सोसायटी. निसर्गविज्ञानाची गोडी असलेल्या विद्यार्थ्यांचे हे मंडळ. चार्ल्स डार्विन 1826 च्या नोव्हेंबरात तिचा सभासद झाला आणि लगेच कार्यकारिणीतही गेला. 27 मार्च 1827 च्या बैठकीत त्याने समुद्री जीवांवरची आपली निरीक्षणे सांगितली. त्याच संध्याकाळी विल्यम ब्राउन या विद्यार्थ्याने मन हे शरीरापासून वेगळे नसल्याचे मांडणारा निबंध वाचला. त्यावर खडाजंगी झाली आणि पुढे इतिवृत्तातून ती नोंद खोडण्यात आली. निबंध वाचणार असल्याची आधीच्या बैठकीतली नोंदही सुटली नाही. रेघा मारूनही मजकूर वाचता येत होता, म्हणून तर हा प्रसंग आज माहीत आहे. इतिवृत्ताच्या वहीला पृष्ठक्रमांक असावेत, पाने सुटी नसावीत, चूक झाली तर एकच रेघ मारून बाजूला सही करावी आणि दुरुस्ती पुढच्या बैठकीत वाचून कायम करावी, हे नियम अशाच खाडाखोडीला आवर घालतात. सध्या व्हॉट्सअॅपवर टाकलेले इतिवृत्त ते टाकणारा किंवा गटाचा अॅडमिन ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करू शकतो. तेव्हा बैठकीनंतर 48 तासांच्या आत त्याची छापील प्रत सह्यांसह वहीत चिकटवलेली बरी.

ऑक्सफर्डचा मार्ग वेगळा. तिथे 1882 मध्ये ज्युनियर सायंटिफिक क्लब निघाला. तिथल्या नोंदणीकृत विद्यार्थी मंडळाला घटना, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि विद्यापीठातला एक ज्येष्ठ सदस्य असावाच लागतो, आणि हिशेब प्रॉक्टर या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली राहतो. आपल्याकडचा ‘मार्गदर्शक शिक्षक’ याच घराण्यातला. त्याने कार्यक्रम ठरवायचा नसतो. मंडळातला सगळ्यात जुना माणूस तोच, म्हणून कागद आणि पैसा यांची साखळी तुटू न देणे हे त्याचे काम. हा फरक घटनेत लिहून ठेवला नाही तर काही वर्षांत दोनपैकी एक टोक गाठले जाते : शिक्षकच वक्ते, विषय, तारीख सगळे ठरवतात, नाहीतर वर्षभरात एकदा सही करण्यापुरते दिसतात.

महाराष्ट्रातली सुरुवात आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. मुंबई विद्यापीठ 1857 चे. त्याच्याही नऊ वर्षे आधी, 1848 मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड ही मंडळी तिच्यात होती. मूळ सभेचे काम इंग्रजीत चाले. पण तेवढ्याने भागणार नाही हे ओळखून मराठी आणि गुजराती शाखा काढण्यात आल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले. 1849 मध्ये सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला त्यांत विनामोबदला शिकवले. जगन्नाथ शंकरशेट यांनी शाळेला जागा दिली.

कारभाराच्या दृष्टीने इथे पाहण्यासारखे एक आहे. ही सोसायटी टिकली, पण विद्यार्थ्यांचे विज्ञान मंडळ म्हणून नव्हे. सभासद शिकून बाहेर पडले तरी सोसायटीतच राहिले, शाळा चालवणे हे मुख्य काम झाले, आणि ती शिक्षणसंस्था बनली. विद्यार्थी मंडळ दीर्घायुषी करण्याचा हा एक खात्रीचा उपाय आहे, मात्र त्याची किंमत म्हणजे मंडळ विद्यार्थ्यांचे उरत नाही. आज माजी विद्यार्थ्यांना मताधिकार देणाऱ्या क्लबांचेही हेच होते. पंचवीस-सव्विशीतले तीन-चार जण रविवारी येऊन निर्णय घेतात आणि प्रथम वर्षाची मुले खुर्च्या मांडतात. माजी सभासदांना सल्लागार करावे, वर्गणी घ्यावी, व्याख्यानाला बोलवावे. मत देऊ नये.

सोसायटीज रजिस्ट्रेशन अॅक्ट 1860 चा. त्याखाली किमान सात जणांना मिळून संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे अशा संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते. उत्साही मंडळे ‘आपले स्वतंत्र रजिस्ट्रेशन करू’ म्हणतात, तेव्हा या 1950 च्या कायद्याचे कलम 22 कोणी वाचलेले नसते. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. इथे पदाधिकारी दरवर्षीच बदलतात. पहिल्या वर्षी अर्ज जातो, दुसऱ्या वर्षी परीक्षेमुळे राहतो, आणि पाच वर्षांनी धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी जे अध्यक्ष आहेत ते नोकरीनिमित्त बंगळुरूला असतात. बँक नव्या मुलांच्या सह्या घेत नाही आणि खाते गोठून बसते. म्हणून महाविद्यालयाच्या आत चालणाऱ्या मंडळाने प्राचार्यांच्या मान्यतेने, महाविद्यालयाच्याच खात्यातल्या वेगळ्या शीर्षाखाली पैसा ठेवणे हाच शहाणपणा.

अर्थात तिथेही अडते. कार्यशाळेसाठी सुटे भाग घ्यायचे असतात, कार्यालयातून उचल मिळायला वेळ लागतो, मग एखादी मुलगी स्वतःच्या यूपीआयवर सर्वांकडून शुल्क गोळा करते. पैसे तिच्या खात्यात, बिल दुकानदाराने तिच्या नावाने दिलेले, आणि लेखाविभाग म्हणतो बिल महाविद्यालयाच्या नावाचे नसेल तर मंजूर होणार नाही. यात अफरातफर कोणाचीच नसते, तरी संशय तिच्यावर येतो. उपाय साधा आहे : कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी अंदाजपत्रक आणि शिक्षकांच्या नावे उचलीचा अर्ज, खरेदीच्या वेळी महाविद्यालयाचे नाव घालून बिल, आणि कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत व्हाउचरांसह हिशेब. पहिली उचल मिटल्याशिवाय दुसरी मिळत नाही, हे खजिनदाराला पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

निवडणुकीचा इतिहास महाराष्ट्रात जरा कडवट आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका बंद होऊन गुणांच्या आधारे प्रतिनिधी घेण्याची पद्धत आली. कारण निवडणुकीतला हिंसाचार. 2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या, उमेदवाराला खर्चाची मर्यादा 5000 रुपये. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका पुन्हा कागदावर आल्या. या सगळ्यांचा रोख विद्यार्थी परिषदेवर होता, विज्ञान मंडळावर नव्हे. पण मधल्या काळात नामनिर्देशनाची सवय खालपर्यंत झिरपली. विज्ञान मंडळाचा अध्यक्ष म्हणजे वर्गात पहिला आलेला, असे समीकरण झाले. पहिल्या आलेल्याला बहुधा मंडळासाठी वेळच नसतो. निवडणूक घ्यायची तर हात वर करून नको, चिठ्ठीने घ्यावी, आणि उमेदवाराने आधी निदान एका कार्यक्रमात काम केलेले असावे एवढी एकच अट ठेवावी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न निवडणूक कधी घ्यायची हा. राष्ट्रीय विज्ञान दिन 28 फेब्रुवारीला, 1987 पासून साजरा होतो. रामन परिणामाचा शोध 1928 मध्ये याच तारखेला जाहीर झाला. हा दिन सुरू झाल्यापासून बहुतेक मंडळांचे वर्ष या एका दिवसाभोवती फिरते. तो झाला की परीक्षा, परीक्षा झाली की शेवटच्या वर्षाची मुले पांगतात. निवडणूक जुलैत घेणारे मंडळ म्हणून दरवर्षी शून्यापासून सुरू होते. नवी कार्यकारिणी जानेवारीतच निवडावी. 28 फेब्रुवारीचा कार्यक्रम जुन्यांनी करावा आणि प्रत्येक पदावरच्या जुन्याबरोबर नव्याने सावलीसारखे राहावे. कार्यभार मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यावा.

हे हस्तांतर किती गंभीरपणे घेता येते ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या, ‘स्वयम्’ उपग्रहाने दाखवले. 2008 मध्ये सुरू झालेला हा सुमारे एक किलोचा उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी 34 या प्रक्षेपकातून गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ही त्याच वर्षी 26 सप्टेंबरला उडाला, त्याचे काम 2007 पासूनचे. दोन्हीकडे सुरुवात करणारे विद्यार्थी उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन गेले होते. अशा कामात इस्रोच्या तज्ज्ञांपुढे रचना मांडावी लागते, आणि ‘हा भाग का निवडला?’ या प्रश्नाला ‘आधीच्या बॅचने निवडला’ हे उत्तर चालत नाही. निर्णयाबरोबर त्याचे कारणही लिहून ठेवावे लागते. साध्या विज्ञान मंडळात इतका धाक कोणाचाच नसतो, म्हणून तिथे हस्तांतराची यादी घटनेलाच जोडावी : डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे, मोजलेल्या वस्तू, न मिटलेली बिले, वक्त्यांचे संपर्क, फसलेल्या कार्यक्रमांची कारणे, आणि ईमेल व समाजमाध्यमांचे पासवर्ड. ईमेल खाते ‘अध्यक्ष’ या पदाच्या नावाने काढावे. पासवर्ड विसरल्यावर येणारा ओटीपी तीन वर्षांपूर्वीच्या सभासदाच्या मोबाईलवर जाणे हे आजकाल खाती गमावण्याचे नेहमीचे कारण आहे.

गणपूर्ती हे कलम सर्वांत जास्त नडते. वर्षारंभी नावनोंदणीत 120 नावे येतात, घटनेत गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे 40. ऑक्टोबरनंतर एवढे जण कधीच जमत नाहीत, आणि त्यानंतरचे सगळे ठराव तांत्रिकदृष्ट्या रद्दबातल ठरतात. दहा टक्के किंवा 15 यांपैकी जास्त असेल ती संख्या धरावी. तेवढेही न आले तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा घ्यावी, तिला गणपूर्तीची अट नसावी, पण सूचनेत छापलेल्या विषयांपलीकडे तिने जाऊ नये. घटनादुरुस्ती आणि मोठा खर्च तिच्यापुढे आणूच नयेत.

विसर्जनाचे कलम बहुतेक घटनांत नसतेच. सलग दोन वर्षे वार्षिक सभा झाली नाही तर मंडळ विसर्जित समजावे, शिल्लक रक्कम महाविद्यालयाच्या विद्यार्थी कल्याण शीर्षात जावी आणि दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, सोल्डरिंगची हत्यारे संबंधित विभागाच्या डेडस्टॉकवर चढावीत, एवढ्या तीन ओळी पुरतात. त्या नसल्या तर दुर्बीण कोणा एकाच्या घरी, माळ्यावर जाते.